पेशीचे लोंढा जंक्शन

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींतून एकच एक बारीक केस बाहेर आलेला असतो. मूत्रपिंडातल्या नलिकांच्या पेशींना तो असतो, हाडांतल्या पेशींना असतो, त्वचेखालच्या तंतुपेशींना असतो, मेंदूतल्या चेतापेशींनाही असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दोन ते दहा भागांएवढी त्याची लांबी. जाडी त्याहून कितीतरी कमी, मिलिमीटरच्या चार-पाच हजाराव्या भागाएवढी. या केसाला प्राथमिक पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, त्यावरून हे नाव. लाल रक्तपेशी, स्नायूंचे तंतू, यकृताच्या मुख्य पेशी अशा थोड्यांना ती नसते. बाकी जवळजवळ सगळीकडे हिशेब ठरलेला: एका पेशीला एक.

शाळेच्या पुस्तकात भेटणाऱ्या पक्ष्माभिका वेगळ्या. श्वासनलिकेच्या अस्तरात एकेका पेशीवर त्या शेकड्यांनी असतात आणि भाताच्या खाचरावरून वाऱ्याची लाट जावी तशा एका तालात हलून धूळ आणि कफ वर ढकलतात. त्या हलणाऱ्या पक्ष्माभिकेचा आडवा छेद घेतला, तर कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी आणखी दोन नलिका दिसतात. प्राथमिक पक्ष्माभिकेत कडेच्या नऊ जोड्या असतात, मधल्या दोन नसतात, आणि हालचाल घडवणारी प्रथिनेही नसतात. ती वल्हवत नाही, झाडत नाही, काही ढकलत नाही. नुसती उभी असते. तिच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले त्याचे मूळ या उभे राहण्यातच आहे.

१८९८ साली कार्ल झिमरमन या शरीरशास्त्रज्ञाने माणसाच्या आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींत ती पाहिली, तिचे चित्र काढले आणि ती बाहेरची चाहूल घेत असावी असा अंदाजही लिहून ठेवला. अंदाज बरोबर होता, पण तो तपासायला साधने नव्हती. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. १९६८ मध्ये सर्गेई सोरोकिन यांनी फुप्फुसाच्या विकासाचा अभ्यास करताना तिला ‘प्राथमिक’ हे विशेषण लावले. श्वासनलिकेतल्या हलत्या पक्ष्माभिका उगवण्याआधी ही दिसते, एवढाच त्याचा अर्थ होता. त्यानंतर तीस वर्षे बहुतेक जीवशास्त्रज्ञ तिला उत्क्रांतीत मागे राहिलेला अवशेष मानत आले. माणसाचे पूर्वज पाण्यात पोहणारे एकपेशीय जीव होते, तेव्हाचे शेपूट उरले आहे, असा समज. ज्याचे काम दिसत नाही त्याला कामच नाही असे मानण्याची घाई विज्ञानातही होते.

हा समज मोडला तो एका हिरव्या शैवालामुळे. क्लॅमिडोमोनास नावाचे हे एकपेशीय शैवाल डबक्यात, ओल्या मातीत कुठेही सापडते. त्याला पुढच्या बाजूला दोन लांब कशाभिका असतात आणि त्यांच्या साहाय्याने ते पोहते. कशाभिका आणि पक्ष्माभिका यांची रचना मुळात एकच. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांनी या कशाभिकांचे चित्रण केले, तेव्हा आतून काहीतरी सतत टोकाकडे जाताना आणि टोकाकडून परत येताना दिसले. कशाभिका न हलवता धरून ठेवली तरी आतली ये-जा चालूच होती. जाताना वेग सेकंदाला सुमारे दोन मायक्रोमीटर, येताना त्याहून जास्त. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हलणाऱ्या दाण्यांच्या या रांगांना शास्त्रज्ञांनी ‘ट्रेन’ म्हटले, आणि ते नाव आजही शास्त्रीय लिखाणात रूढ आहे.

ट्रेन कशासाठी, याचे उत्तर पक्ष्माभिकेच्या बांधणीत आहे. पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम पक्ष्माभिकेत नसतात. म्हणजे तिथे लागणारे प्रत्येक प्रथिन पेशीच्या मुख्य भागात तयार होते आणि आत न्यावे लागते. शिवाय पक्ष्माभिका टोकाला वाढते. बांधकामाचा माल शेवटच्या टोकापर्यंत पोचवावा लागतो. ही वाहतूक दोन प्रकारची इंजिने करतात. टोकाकडे ओढणारे इंजिन कायनेसिन-२ आणि टोकाकडून बुडाकडे आणणारे डायनिन-२. दोन्ही प्रथिनेच, पेशीतली ऊर्जा वापरून सूक्ष्मनलिकांच्या रुळांवर पाऊल टाकत चालणारी. जाताना डायनिन काम करत नाही. एखादे बंद इंजिन मालगाडीला जोडून पुढच्या स्थानकाकडे न्यावे, तसे ते कायनेसिनच्या गाडीतून टोकाला पोचते आणि तिथे जागे होते.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले लोंढा ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. जंगलातले हे जंक्शन गाव म्हणून लहान आहे, पण मिरज-बेळगावकडची, धारवाड-हुबळीकडची आणि कॅसलरॉकवरून गोव्याकडे उतरणारी अशा तीन दिशांची वाहतूक तिथे एकमेकींना भेटते. कॅसलरॉक ते कुळे हा घाट ३७ ला १ या चढाचा. तो चढताना एका इंजिनाचे बळ पुरत नाही. मागे बँकर इंजिने लावावी लागतात. कोणती गाडी कोणत्या मार्गाला जाईल, कोणती थांबेल, कोणाला आधी सोडायचे, हे सगळे जंक्शनवर ठरते. पक्ष्माभिकेला लोकप्रिय लेखांत ‘पेशीचा अँटेना’ म्हटले जाते. ती उपमा चुकीची नाही, पण अपुरी आहे. अँटेना मिळेल ते पकडतो आणि तसेच पुढे पाठवतो. पक्ष्माभिका कोणाला आत घ्यायचे, कोणाला बाहेर काढायचे हे ठरवते, आणि निरोपाचा अर्थ त्या देवघेवीतूनच तयार होतो. म्हणून जंक्शन ही उपमा अधिक नेमकी.

२०१६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत या वाहतुकीचा आणखी एक तपशील उलगडला. नऊ जोड्यांतल्या प्रत्येक जोडीत दोन नलिका असतात. एक पूर्ण, एक तिला चिकटलेली अपुरी. टोकाकडे जाणाऱ्या ट्रेन अपुऱ्या नलिकेवरून जातात, परतणाऱ्या पूर्ण नलिकेवरून. म्हणजे प्रत्येक जोडी हा एक दुहेरी मार्ग, अप आणि डाऊन वेगवेगळे. कॅसलरॉकचा घाट एकेरी मार्गावर बांधला गेला, त्यामुळे तिथे क्रॉसिंगसाठी गाड्या थांबवाव्या लागतात. पक्ष्माभिकेत समोरासमोर अडण्याची वेळच येत नाही.

या जंक्शनला फाटकही आहे. पक्ष्माभिका जिथे पेशीतून उगवते तिथे बुडाशी एक सेंट्रिओल असते. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढण्याच्या कामात भाग घेणारी ही रचना. विभाजन नसताना ती पेशीच्या कडेला जाऊन पक्ष्माभिकेचा पाया बनते. त्यामुळे पेशीला विभागायचे असेल तर आधी पक्ष्माभिका मोडून सेंट्रिओल मोकळे करावे लागते, आणि विभाजन झाल्यावर पक्ष्माभिका पुन्हा उभी करावी लागते. पायाच्या जरा वर संक्रमण क्षेत्र असते. तिथे नलिका आणि बाहेरचे पटल यांना इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे दुवे जोडतात. पक्ष्माभिकेचे पटल पेशीच्या पटलाला सलग असले तरी या फाटकामुळे दोन्हींतली प्रथिने एकमेकांत मिसळत नाहीत. आकारमानाने पक्ष्माभिका पेशीच्या मानाने नगण्य आहे, आणि नेमका तोच तिचा फायदा. मोठ्या सभागृहात कुजबुज विरून जाते. छोट्या खोलीत तोच आवाज स्पष्ट ऐकू येतो. थोडेसे रेणू या अरुंद जागेत आले तरी त्यांचे प्रमाण लगेच वाढते आणि संदेश ठळक होतो.

हा संदेश म्हणजे काय, ते एका उदाहरणातून सविस्तर पाहणे बरे. १९८० मध्ये क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी फळमाशीच्या अळ्यांत बिघाड घडवणाऱ्या जनुकांची मोठी शोधमोहीम प्रसिद्ध केली. त्यातल्या एका जनुकात बिघाड झाला की अळीच्या अंगभर काटे येत, म्हणून त्याचे नाव हेजहॉग ठेवले गेले. हेजहॉग हा साळिंदरासारखा काटेरी, पण लहान प्राणी. या कामाला १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात या जनुकाचे तीन भाऊबंद आहेत. त्यांतला सर्वांत महत्त्वाचा सॉनिक हेजहॉग. हे नाव एका व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून आले. गर्भाच्या वाढीत हे प्रथिन एका जागी तयार होते आणि आजूबाजूला पसरते. जवळच्या पेशींना जास्त मिळते, लांबच्यांना कमी, आणि त्या प्रमाणावरून प्रत्येक पेशी ठरवते की आपण काय व्हायचे. हाताच्या कळीत ते करंगळीच्या बाजूला तयार होते. करंगळीची जागा करंगळीला आणि अंगठ्याची अंगठ्याला मिळते ती बरीचशी या उतरत्या प्रमाणामुळे.

पेशी हे प्रमाण मोजते ते पक्ष्माभिकेत. निरोप नसतो तेव्हा पक्ष्माभिकेच्या पटलावर पॅच्ड नावाचे प्रथिन पहारा देत असते. ते स्मूदन्ड नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला पक्ष्माभिकेत साठू देत नाही. याच काळात पक्ष्माभिकेतली आणखी काही प्रथिने ग्ली गटातल्या प्रथिनांचे तुकडे घडवून आणतात. तो तुकडा पेशीच्या केंद्रकात जातो आणि जनुके बंद ठेवतो. सॉनिक हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटले की पॅच्ड पक्ष्माभिकेतून बाहेर पडते, स्मूदन्ड आत येते, तुकडे पाडणारी यंत्रणा थांबते. अखंड राहिलेले ग्ली टोकाशी जमते, तिथून परतीच्या वाटेने केंद्रकात पोचते आणि जनुके चालू करते. एकाच प्रथिनाचे दोन अवतार. तुटले तर ‘थांब’, अखंड राहिले तर ‘चल’. कोणता अवतार केंद्रकात जाईल, हे त्या चिमुकल्या केसातल्या ये-जावर ठरते.

हे उलगडायला वेळ लागला, कारण हेजहॉगचा शोध ज्या फळमाशीत लागला तिच्या बहुतेक पेशींना पक्ष्माभिकाच नसतात. माशीत हा निरोप मुख्यत्वे त्यांच्यावाचून चालतो. दुवा सापडला तो उंदरात. न्यू यॉर्कच्या स्लोन केटरिंग संस्थेत कॅथरिन अँडरसन यांच्या प्रयोगशाळेत गर्भाच्या वाढीतले बिघाड शोधताना काही उंदीर असे मिळाले, ज्यांच्यात हेजहॉगचा निरोप पोचतच नव्हता. त्यांची बिघडलेली जनुके शोधली तर ती पक्ष्माभिकेतल्या ट्रेनची निघाली. डॅनवेई ह्वांगफू आणि सहकाऱ्यांचा हा शोधनिबंध २००३ मध्ये आला. २००५ मध्ये स्मूदन्ड पक्ष्माभिकेत शिरताना प्रत्यक्ष दाखवले गेले, आणि २००७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये रजत रोहतगी आणि सहकाऱ्यांनी पॅच्ड तिथून बाहेर पडते हेही दाखवून दिले. सात-आठ वर्षांत एक अवशेष जीवशास्त्राच्या मध्यभागी आला.

या वाटेवर निसर्गानेच केलेला एक भीषण प्रयोग त्याच्या कितीतरी आधीचा आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात मेंढपाळांच्या कळपांत एकच डोळा असलेली कोकरे जन्मू लागली. कपाळाच्या मध्ये एक डोळा, नाकाची जागा भलतीकडे. सरकारी शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे शोध घेतल्यावर कारण सापडले ते एक रानवनस्पती. मेंढीने गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या आसपास ती खाल्ली तर असे कोकरू जन्मते. वनस्पतीतल्या द्रव्याला सायक्लोपामिन म्हणतात. ते स्मूदन्डला बांधून ठेवते, हे पुढे कळले. हेजहॉगचा निरोप अडला की चेहऱ्याचा मध्यभाग घडत नाही आणि दोन डोळ्यांचे क्षेत्र वेगळे होत नाही. याच ज्ञानावर पुढे औषध उभे राहिले. त्वचेच्या बेसल पेशींच्या कर्करोगात हा निरोप नको असताना चालू राहतो. स्मूदन्डला रोखणाऱ्या व्हिस्मोडेजिब या औषधाला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. ज्या रेणूने कोकरांचे चेहरे बिघडवले, त्याच्याच तत्त्वावर बनलेले औषध माणसाचा कर्करोग रोखते. गर्भवती स्त्रीने मात्र ते चुकूनही घ्यायचे नाही, याचे कारणही त्या कोकरांत आहे.

हेजहॉग हा पक्ष्माभिकेतून जाणारा एकच निरोप नव्हे. जखम भरताना तंतुपेशींना हलायला सांगणारा एक ग्राही, म्हणजे निरोप पकडणारे प्रथिन, तिथे बसतो. चेतापेशींच्या पक्ष्माभिकांवर सेरोटोनिन आणि सोमॅटोस्टॅटिन यांचे विशिष्ट ग्राही सापडतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या काही पेशींत पोट भरल्याची जाणीव देणारा ग्राही पक्ष्माभिकेवरच असतो. मूत्रपिंडाची कहाणी जरा वेगळी आहे. २००० मध्ये ग्रेगरी पाझूर, जॉर्ज विटमन, रोझेनबाम आणि सहकाऱ्यांना शैवालाच्या ट्रेनमधले एक प्रथिन उंदरांत मूत्रपिंडाला पाण्याच्या गाठी आणणाऱ्या जनुकाशी जुळते असे दिसले. त्या उंदरांच्या मूत्रपिंडातल्या पक्ष्माभिका तोकड्या होत्या. माणसातल्या बहुपुटी मूत्रपिंड विकाराची प्रथिने, पॉलिसिस्टिने, तीही पक्ष्माभिकेत बसतात. हा विकार दुर्मीळ नाही. साधारण चारशे ते हजार माणसांमागे एकाला तो असतो. त्यात वर्षानुवर्षे गाठी वाढत जातात आणि अनेकांना पन्नाशी-साठीच्या आसपास डायलिसिसची गरज पडते.

पक्ष्माभिका प्रवाहाने वाकली की पेशीत कॅल्शियम वाढते, असे २००१ मध्ये दाखवले गेले. त्यावरून पक्ष्माभिका प्रवाह मोजते असे चित्र पाठ्यपुस्तकांत आले. २०१६ मध्ये दुसऱ्या गटाने पक्ष्माभिकेतच कॅल्शियम मोजले आणि वाकण्याने ते वाढत नाही असे मांडले. वाद अजून मिटलेला नाही. पॉलिसिस्टिने पक्ष्माभिकेत हवीत, नाहीतर गाठी होतात, यावर दुमत नाही. ती तिथे बसून नेमके काय ऐकतात, यावर आहे. पाठ्यपुस्तकातला वाकणारा केस त्यामुळे आता जपून वाचावा लागतो.

या सगळ्या कथेत मुंबईचे एक स्वतंत्र पान आहे, आणि ते वासाशी जोडलेले आहे. नाकातल्या वासाच्या पेशीच्या टोकाला पक्ष्माभिकांचा झुबका असतो. त्यांची रचना प्राथमिक पक्ष्माभिकेसारखी हुबेहूब नाही, पण काम निरोप घेण्याचेच. वासाचे ग्राही या केसांवर असतात. फळमाशीतही तसेच. तिच्या बहुतेक पेशींना पक्ष्माभिका नसल्या तरी वास घेणाऱ्या आणि आवाज ऐकणाऱ्या चेतापेशींना त्या असतात. पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या चिलटांना केळे सापडते ते डोक्यावरच्या मिशीसारख्या स्पृशेतल्या या केसांमुळे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. १९७० च्या दशकात त्यांनी आणि मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वास आणि चव न कळणाऱ्या माश्या वेगळ्या काढायला सुरुवात केली. कोणत्या माशीला कोणता वास येत नाही आणि तिचे कोणते जनुक बिघडले आहे, हे जुळवण्याचे ते चिकाटीचे काम होते. उंदरात वासाचे ग्राही लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधले, त्याच्या आधीची ही गोष्ट. वासाच्या अभ्यासाची मुंबईतली ही परंपरा त्यामुळे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच संस्थेत पुढे कृशानु रे यांच्या प्रयोगशाळेने वासाच्या प्रश्नाला वाहतुकीच्या अंगाने हात घातला. त्यांचा विषय कायनेसिन-२, म्हणजे पक्ष्माभिकेत माल नेणारे इंजिन. २००३ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कामातून एक लक्षणीय फरक पुढे आला. हे इंजिन बिघडवले तर माशीच्या श्रवणपेशींतल्या पक्ष्माभिका बनत नाहीत, पण शुक्रपेशींची शेपटी मात्र बनते. शेपटीचीही रचना तीच, मग हा फरक का? कारण माशीच्या शुक्रपेशीची लांबलचक शेपटी पेशीच्या आतच, मालाच्या ढिगाऱ्यात उभी राहते. माल जवळ असल्यावर गाडी लागत नाही. श्रवणपेशीची पक्ष्माभिका मात्र फाटकापलीकडे, बाहेर वाढते. तिला ट्रेनशिवाय पर्याय नाही. ट्रेन कशासाठी लागते, याचे इतके स्वच्छ उत्तर क्वचित मिळते.

२०११ च्या कामात त्याच प्रयोगशाळेने माशीच्या स्पृशेतल्या वासाच्या पक्ष्माभिका कशा वाढतात ते तपासले. त्या एका दमात वाढत नाहीत. कोषावस्थेत टप्प्याटप्प्याने लांबतात, आणि प्रत्येक टप्प्याला कायनेसिन-२ लागते. २०२१ मध्ये पुढचा प्रश्न घेतला गेला: वासाचा ग्राही आत जातो कसा? माशीच्या बहुतेक वासाच्या ग्राहींना ऑर्को नावाचा एक जोडीदार लागतो. ऑर्को नसेल तर ग्राही पक्ष्माभिकेत पोचत नाहीत. या कामातून दिसले की कायनेसिन-२ ऑर्कोला पक्ष्माभिकेत नेते, आणि ते वाटेल तेव्हा नव्हे, तर वाढीच्या ठराविक टप्प्यांवर. म्हणजे ट्रेन सतत धावतात, पण विशिष्ट माल विशिष्ट वेळीच चढतो. माशीच्या डोक्यावरचा मिलिमीटरपेक्षा लहान अवयव, त्यावरच्या हजार-बाराशे वासाच्या चेतापेशी आणि त्यांतले वेळापत्रक. कुलाब्यातल्या प्रयोगशाळेत हे वेळापत्रक वाचले गेले.

डोळ्यातही हीच व्यवस्था आहे, फक्त तिचे प्रमाण थक्क करणारे आहे. दृष्टिपटलातल्या दंडपेशीचा प्रकाश टिपणारा बाहेरचा भाग ही मुळात एक फुगून मोठी झालेली पक्ष्माभिका आहे. तिच्यात चकत्यांची चळत असते आणि चकत्यांत प्रकाश पकडणारे ऱ्होडॉप्सिन. रोज टोकाच्या काही चकत्या झडतात आणि बुडाशी नव्या तयार होतात. सुमारे दहा दिवसांत सगळी चळत नवी होते. एवढे सगळे ऱ्होडॉप्सिन एका अरुंद मानेतून, जोडणाऱ्या पक्ष्माभिकेतून आत जावे लागते. तिथली वाहतूक जरा मंदावली तरी माल मागे साठतो आणि पेशी मरू लागते. रात्री कमी दिसणे ही पहिली तक्रार, मग बाजूचे दिसेनासे होणे, आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखी दृष्टी. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या विकारांच्या गटातले अनेक प्रकार याच मानेतल्या बिघाडाचे आहेत.

एकच यंत्रणा इतक्या ठिकाणी वापरली जाते, म्हणून तिच्यातला एक बिघाड इतक्या ठिकाणी दिसतो. डोळा, मूत्रपिंड, बोटे, वजन, वास यांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न जुन्या डॉक्टरांना पडत असे. बार्डेट-बीडल विकारात हे सगळे एकत्र येते: जन्मतः हातापायाला जास्तीचे बोट, लहानपणी रातांधळेपणा, लवकर वाढणारे वजन, मूत्रपिंडाचे दोष, काहींत वासही कमी येणे. २००३ मध्ये या विकाराचे एक जनुक पक्ष्माभिकेच्या पायाशी काम करते असे दिसले, आणि विखुरलेली लक्षणे एका जागी जोडली गेली. २००७ मध्ये या जनुकांची सात प्रथिने एकत्र येऊन एक जुळणी बनवतात हे कळले. पक्ष्माभिकेतून काही ग्राही बाहेर काढणे हे तिचे मुख्य काम. अशा सगळ्या विकारांना आता पक्ष्माभिका-विकार असे एकत्रित नाव आहे. इथे एक खुलासा करायला हवा. बाळाला सहावे बोट असले म्हणजे असा विकार आहे असे नव्हे. एकट्या जास्तीच्या बोटाची बहुतेक बाळे अगदी निरोगी असतात. बोटासोबत वाढता लठ्ठपणा, रात्री न दिसणे किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल, तेव्हा डॉक्टरांनी सगळी लक्षणे एकत्र मांडून पाहावीत, एवढेच.

बार्डेट-बीडलसारखे बहुतेक पक्ष्माभिका-विकार अप्रभावी असतात. म्हणजे बिघडलेली प्रत आई आणि वडील दोघांकडून आली तरच विकार होतो. एकच प्रत असलेला माणूस निरोगी असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. दोघेही असे वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यात विकार येण्याची शक्यता चारात एक. बहुपुटी मूत्रपिंडाचा प्रौढांतला प्रकार मात्र प्रभावी. तो पालकांपैकी एकाला असला तरी अपत्याला येण्याची शक्यता निम्मी. अप्रभावी विकारांत नात्यातल्या लग्नांना महत्त्व येते ते यामुळे. बेळगाव, निपाणी, खानापूरच्या सीमाभागात मराठी घरांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत जुनी आहे, आणि शेजारच्या कन्नड समाजांत मामा-भाचीचे लग्नही मान्य असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत कर्नाटकात सुमारे एक चतुर्थांश लग्ने नात्यात झालेली आढळली. देशाच्या सरासरीपेक्षा हे प्रमाण दुपटीहून अधिक. आते-मामे भावंडांत आजी-आजोबांकडून आलेला जनुकांचा सुमारे आठवा हिस्सा सारखा असतो, मामा-भाचीत चौथा. त्यामुळे एकाकडे असलेली दुर्मीळ बिघडलेली प्रत दुसऱ्याकडेही असण्याची शक्यता खूप वाढते. नात्यातले प्रत्येक लग्न धोक्याचे असे यातून निघत नाही. बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात. पण ज्या घरात एखाद्या मुलाला असा विकार आधीच झाला आहे, तिथे पुढचे लग्न ठरवण्याआधी किंवा पुढच्या अपत्याआधी जनुकीय सल्ला घेणे फार मोलाचे. ही गोष्ट आज्यांनी, मामांनी, लग्न जुळवणाऱ्यांनी ऐकायला हवी, कारण नाते ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे असतो.

उपचारांच्या बाजूला चित्र असमान आहे. दृष्टिपटलातल्या मेलेल्या पेशी परत आणता येत नाहीत. बहुपुटी मूत्रपिंडात टॉलव्हॅप्टन या औषधाने गाठींची वाढ काहींत मंदावते, थांबत नाही. रक्तदाब काटेकोर ठेवणे हा अजूनही मुख्य आधार. भुकेच्या बाबतीत मात्र पक्ष्माभिकेच्या ज्ञानाने सरळ वाट दाखवली. बार्डेट-बीडल विकारात पोट भरल्याचा निरोप हायपोथॅलॅमसमध्ये नीट पोचत नाही, म्हणून मूल सतत भुकेले असते. आईवडिलांनी कितीही समजावले, कितीही रागावले तरी भूक शमत नाही, कारण दोष मुलाच्या हट्टात नसून निरोपाच्या वाटेत असतो. त्या वाटेवर पुढे असलेल्या मेलॅनोकॉर्टिन-४ ग्राहीला थेट चालना देणारे सेटमेलॅनोटाइड हे इंजेक्शन २०२२ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्य झाले. वाटेतला बिघाड ते दुरुस्त करत नाही. मधला अडलेला पल्ला टाळून पुढच्या स्थानकावरून निरोप सोडते.